खलनायकांचा खण

मी एक लाकडी खण बोलतोय. हसू नका. ज्यांच्या पोटात काहीच नसतं अशी माणसं तासन्‌तास बोलतात आणि तुम्ही मान डोलावता. माझ्या पोटात तर तीन हजार माणसांचे दुर्गुण आहेत. थोडं माझंही ऐका.

आधीच कबूल करतो, मला वाढवून सांगायची खोड आहे. लेखकाच्या टेबलावर अठरा वर्षं काढलेल्या वस्तूकडून याहून बरं काही मिळायचं नाही. तीन हजार म्हटलं ते नऊशे असतील. पण यात जे कडू आहे, ते मी थेंबभरही वाढवलेलं नाही. तशी गरजच पडली नाही.

माझा जन्म एका डावखुऱ्या सुताराच्या हातचा. चष्म्याच्या दुकानासाठी त्याने सोळा खणांची मांडणी केली. मी शेवटचा, आणि शेवटच्याच्या वाट्याला उरलेली फळी येते. म्हणून मी भावंडांपेक्षा दोन बोटं आखूड. दुकानदाराने विचारलं तेव्हा सुतार गंभीरपणे म्हणाला, "मुद्दाम ठेवलाय तसा. मागून हवा खेळायला हवी." दुकानदाराने मान हलवली. थापांशी माझं नातं असं अगदी पाळण्यातलं.

माझ्या पोटात पुठ्ठ्याची कार्डं होती. नाव, पत्ता, उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर. कार्डं लिहायची ती दुकानातली बाई. तिचं अक्षर इतकं सुबक, की गिऱ्हाईक चष्म्याशिवाय ते वाचायचं आणि म्हणायचं, मग मला चष्मा कशाला हवा? (हे वाढवलंय.)

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला आणि मांडणी मोडीत काढायचं ठरलं. बाईने मालकाकडे एक खण मागितला.

"एकच? अहो, सगळी मांडणी न्या की."

"घरात माझ्या वाट्याला एका खणाएवढीच जागा आहे," ती म्हणाली आणि हसली. मालकही हसला. तो विनोद नव्हता, हे मला तिच्या घरी पोचल्यावर कळलं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबल, खिडकी, पलंग आणि तिचा थोरला भाऊ. मागे स्वयंपाकघर, तिथे ओट्याखाली गुंडाळलेलं तिचं अंथरूण. आईवडील जाऊन बरीच वर्षं झालेली. भाऊ लिहायचा, शेजारीपाजारी त्याला लेखकराव म्हणायचे. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला धाकटी. चाळिशी उलटली तरी धाकटीच. काही घरांत माणसाला वाढायची परवानगी नसते.

दादा एका साप्ताहिकात रहस्यकथा लिहायचा. त्या वेळी त्याचे खलनायक म्हणजे नुसती सजावट. गालावर व्रण, घोगरा आवाज, घारे डोळे, आणि येताजाता गडगडाटी हसणं. मी घरात आलो त्याच आठवड्यात साप्ताहिकाच्या संपादिकाबाई हस्तलिखित घेऊन घरी आल्या. खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"लेखकराव, तुमच्या या काळ्या कोटवाल्याने चार खून केले. पटलं मला. पण तो रविवारी काय करतो?"

"रविवारी?"

"त्याचे कपडे कोण धुतं? दाढ दुखली तर कुणाकडे जातो? शेजाऱ्याशी कशावरून भांडतो? व्रण दिलात, आवाज दिलात, हे सगळं अंगाबाहेरचं. आतून तो वाईट कसा आहे?"

"वाईट म्हणजे वाईट, बाई. त्यात आत काय आणि बाहेर काय?"

"मला खुन्याची भीती वाटत नाही. तो मला कुठे भेटणार? मला भीती वाटते रांगेत मागे उभं राहून माझ्या मानेवर श्वास सोडणाऱ्याची. तो रोज भेटतो."

दादा आठ दिवस तोंड पाडून बसला. मग एकदम उठला आणि कामाला लागला. खोटं कशाला बोलू, त्याच्या अंगात कसब होतं. तो बाहेर हिंडायचा, माणसं न्याहाळायचा, आणि मिळेल त्या चिठोऱ्यावर खरडून आणायचा. ते खरडलेलं त्याचं त्याला लागायचं नाही. धाकटी दुकानातून आली की चिठोरे लावून घ्यायची आणि दुकानातल्या उरलेल्या कोऱ्या कार्डांवर सुवाच्य उतरवून माझ्या पोटात ठेवायची.

प्रत्येक कार्डावर तीन ओळी. पहिल्या ओळीत दुर्गुण. दुसऱ्या ओळीत तो दिसला ती कृती. आणि तिसऱ्या ओळीत, तो माणूस स्वतः त्याला काय म्हणतो.

"तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, धाकटे," दादा सांगायचा. "कंजूष माणूस स्वतःला कंजूष म्हणत नाही, काटकसरी म्हणतो. तोंडाळ स्वतःला स्पष्टवक्ता म्हणतो. दुर्गुणाचं लाडकं नाव सापडलं, की अख्खा माणूस सापडला."

आणि काय एकेक माणूस सापडत गेला. उसनी नेलेली छत्री नेहमी ओलीच परत करणारे गृहस्थ. ते त्याला म्हणत 'लगेच परत केली'. दुसऱ्याच्या आजाराची चौकशी फक्त आपला सांगायला वाट मिळावी म्हणून करणारी बाई. तिच्या भाषेत 'आपुलकी'. पेन देताना टोपण स्वतःकडे ठेवणारा कारकून. तो म्हणे 'पद्धत'. रांगेत एका म्हातारीला पुढे सोडून मग मागे वळून सगळ्यांकडे बघणारा साहेब. त्याच्या तिसऱ्या ओळीत दादाने लिहिलं होतं, 'काही नाही हो, माणुसकी.'

दादाचे खलनायक जिवंत झाले. विष घालणारा आता विष घालण्याआधी दुसऱ्याचा पेन खिशात टाकायचा, आणि वाचक म्हणायचे, अरे, हा तर आमच्या हापिसात आहे. साप्ताहिकाचा खप वाढला. खाली दुकान असलेल्या शिंपीकाकांनी एका दरोडेखोरात स्वतःला ओळखलं, कारण तो दरोडेखोरही प्रत्येकाला 'उद्या नक्की' सांगायचा. काका भर जिन्यात दादाला म्हणाले, "लेखकराव, अहो, मी दरोडा घातला असता तर तो ठरल्या दिवशी झाला असता का? जरा विचार तरी करायचा." त्या दिवसापासून त्यांनी दादाचे कपडे शिवणं सोडलं. धाकटीचे मात्र शिवत राहिले, आणि तेही उशिराच.

इथवर गंमत होती. आता ऐका.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारे एक गृहस्थ होते. अबोल, नीटनेटके. रविवारी संध्याकाळी ते अधूनमधून घरी यायचे, आणि त्या दिवशी धाकटी दोनदा केस विंचरायची. कुणी काही बोललेलं नव्हतं, पण खोलीला कळत होतं. त्या गृहस्थांना एक सवय होती. कुठल्याही घरी बसण्याआधी ते खिशातून रुमाल काढून खुर्ची हलकेच पुसायचे. ती स्वच्छ असली तरी. एका संध्याकाळी भाजी निवडताना धाकटीने हे दादाला सांगितलं. सांगताना तिला हसू आवरेना. आपल्या माणसाची खोड सांगताना येतं ते हसू.

दुसऱ्या दिवशी चिठोऱ्यांत तेही होतं. 'तिरस्कार. दुसऱ्याच्या घरी बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसणे. तो म्हणतो: स्वच्छता.'

धाकटीने ते वाचलं. लेखणी बराच वेळ कार्डाच्या वर थांबली. मला वाटलं, ही आता चिठोरा चुरगाळणार. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याचं उतरवून घेणाऱ्या हाताला उतरवायचं नाही म्हणजे काय, ते ठाऊक नसतं. तिने ते सुंदर अक्षरात लिहिलं आणि माझ्यात ठेवलं. ते कार्ड आत पडलं तेव्हा मी पहिल्यांदा कुरकुरलो. लाकूड फुगलंय, असं दादा म्हणाला.

पुढच्याच महिन्यात साप्ताहिकात एक खुनी आला. गळा आवळण्याआधी तो रुमालाने खुर्ची पुसायचा.

ते गृहस्थ नंतर एकदाच आले. खिशात हात घातला, रुमाल अर्धा बाहेर काढला, आणि परत ठेवला. न पुसता बसले. चहा अर्धाच घेतला. "येतो," म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत. दुकानात ते तिच्याशी आता फक्त कामापुरतं बोलायचे, आणि तेही 'बाई' म्हणून.

"बरं झालं," दादा म्हणाला. "ज्याला एवढंसं सोसत नाही, तो संसारात काय सोसणार? वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे, तुला वाईट वाटलं असेल तर."

धाकटीने भांडी घासायला घेतली आणि स्वच्छ असलेलीही घासली.

अशी सहा वर्षं गेली. दादाला आता मोठं पुस्तक लिहायचं होतं. "खून नाही, रक्त नाही," तो येरझारा घालत म्हणायचा. "कुणाला बोटही न लावता घर संपवणारं माणूस. वाचकाने त्याचा द्वेष करावा आणि तरी दारात आलं तर आत घ्यावं." तो माझ्यात हात घालून कार्डं चाळायचा आणि पुन्हा टाकून द्यायचा. नऊशे दुर्गुण होते, पण सगळे रस्त्यावरचे. घरातला एकही नव्हता.

त्याच सुमारास दुकानाच्या मालकाने दुसऱ्या गावात शाखा काढली आणि धाकटीला विचारलं, सांभाळाल का? वर राहायला खोलीही होती. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. तिने ते दादाला सांगितलं नाही. एका दुपारी शिंपीकाका तिचा ब्लाउज द्यायला वर आले. दादा पलंगावर घोरत होता.

"घेऊन टाक की ती खोली," काका हळू आवाजात म्हणाले. "दादाचं काय, तो कुणाला तरी धरेलच उतरवायला."

"काका, मी एक करतेय. दादाचीच कार्डं लिहितेय. त्याच्या खोडी. तीन ओळींत, त्याच्याच पद्धतीने. नाव नाही, काही नाही. खणात ठेवतेय."

काका तोंडावर हात ठेवून हसले. "आणि त्याला कळणार नाही?"

"सगळी कार्डं माझ्याच अक्षरात आहेत. त्याला वाटेल, आपणच कधीतरी टिपलं. पण वाचताना एक जरी त्याला स्वतःचं वाटलं ना, एक जरी, तर मी मालकांना नाही म्हणून कळवणार. मला जायचं नाहीये, काका. मला फक्त त्याने एकदा बघायला हवंय."

"आणि नाहीच वाटलं तर?"

"तर पुढच्या महिन्यातली तेरा तारखेची गाडी."

अकरा कार्डं तिने लिहिली. सगळी सांगत नाही. काही अजून माझ्या फळ्यांना झोंबतात. घरच्या माणसाचं पत्र आधी स्वतः फोडणे; नाव, 'काळजी'. स्वतः आजारी पडला की घर डोक्यावर घेणे, दुसरं पडलं की बाहेर निघून जाणे. नाव, 'मला बघवत नाही'. परक्यांना धन्यवाद आणि घरच्यांना फक्त आठवण करून देणे. नाव, 'आपल्यात कसली औपचारिकता'. माफी मागताना चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलणे. नाव, 'मी तर माफी मागितली'.

दादाच्या हाती ती लागली तेव्हा तो ताडकन उठून बसला. "ही कधी टिपली मी? काय नजर होती माझी." धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओलं फडकं. तो एकेक कार्ड वाचत होता, मांडीवर थाप मारत होता, "नालायक, काय नालायक माणूस आहे हा," म्हणत होता. ती बघत होती. दहाव्या कार्डावर तो एकदम गप्प झाला. कार्ड खाली केलं, परत वर घेतलं. तिच्याकडे बघितलं. बराच वेळ.

"धाकटे," तो हळूच म्हणाला, "कळलं मला."

तिच्या हातातल्या फडक्याचं पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

"आत्ता काही बोलू नकोस. मी लिहून दाखवतो. या वेळी तुला उतरवायला देणार नाही. तू फक्त ऐकायचंस."

पुढचे पंधरा दिवस मी त्या घरात तिला गुणगुणताना ऐकलं. बेसूर होती बिचारी, पण ऐकलं. तिने मालकांना नकाराचं पत्रही लिहिलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. दादाचं वाचून होऊ दे, मग टाकू.

वाचनाला संपादिकाबाई आल्या. दादाने घसा साफ केला आणि वाचायला लागला. एक घर होतं. एक कलावंत भाऊ होता, साधा, भोळा. आणि त्याची एक बहीण होती. बहीण त्याची पत्रं फोडायची. तो आजारी पडला की बाहेर निघून जायची. माफीतसुद्धा त्याचीच चूक काढायची. कुणाला बोटही न लावता, गोड बोलत, ती त्या भावाला रोज थोडा थोडा संपवायची. अकराही कार्डं होती. एक ओळ सोडली नव्हती त्याने.

वाचन संपलं. संपादिकाबाई म्हणाल्या, "बाई मात्र खरी उतरलीय. अंगावर काटा आला. कोण आहे ही?"

दादाने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात इतकी माया, की मलासुद्धा क्षणभर ती खरी वाटली. "रागावू नकोस हं. लेखकाला घरचं माणूसही सोडून चालत नाही. कार्डं वाचता वाचता एकदम उजेड पडला. ही तर आपली धाकटी."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "मी कुठलं पत्र फोडलं, दादा?"

"ते नाही का, पुरस्काराचं?"

"तू तापाने फणफणला होतास. तूच म्हणालास, फोडून वाच."

"तेच तर. काळजीपोटी. म्हणूनच तिसरी ओळ इतकी चपखल बसलीय बघ."

संपादिकाबाईंनी टेबलावरची कार्डं उचलली. एक वाचलं, दुसरं वाचलं. मग दादाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. त्यांना कळलं, मी शपथेवर सांगतो, त्यांना कळलं. त्या काहीतरी म्हणणार होत्या. धाकटीने नको म्हणून मान किंचित हलवली. बाईंनी कार्डं खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पुस्तक उत्तम होणार." शेवटी त्यांनाही पुस्तक हवंच होतं.

त्या रात्री काहीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "दादा, मी तेरा तारखेला जातेय. दुकानाच्या नव्या शाखेवर."

"किती दिवसांसाठी?"

"राहायलाच."

दादाने कप खाली ठेवला. "मग उतरवून कोण घेणार?"

एवढंच विचारलं त्याने. तेरा तारखेला तिने बॅग भरली. जाताना मला दोन्ही हातांनी उचललं, वजन बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं. "हे सगळं तुझंच आहे," ती दादाला म्हणाली. त्याला वाटलं, तिने मोठ्या मनाने खण त्याला देऊन टाकला. "राहू दे इथेच," तो म्हणाला. "आठवण म्हणून."

पुस्तक गाजलं. ती बहीण वाचून बायका आपापल्या नणंदांची नावं घ्यायच्या. धाकटी का गेली, असं कुणी विचारलं की दादा उसासा टाकतो. "खरं झोंबतं हो माणसाला. स्वतःला आरशात बघवलं नाही तिला." शिंपीकाका हे ऐकतात आणि मशीन जोरात चालवतात.

आता रविवारी दादा नवलेखकांचे वर्ग घेतो, याच खोलीत. खलनायक कसा रंगवावा, ते शिकवतो, आणि छान शिकवतो. मला मधोमध ठेवतो, अकरा कार्डं पत्त्यांसारखी पसरतो. "व्रण नको, घोगरा आवाज नको. माणूस शोधा. जवळ शोधा. आपल्या घरात शोधा."

गेल्या रविवारी वर्गात एक निवृत्त नर्सबाई होत्या. जन्म वॉर्डात गेलेला. खाटेच्या पायथ्याचा कागद बघून रोगी ओळखणाऱ्यांतल्या. सगळे निघाले तरी त्या एकट्या बसून राहिल्या. त्यांनी अकराही कार्डं क्रमाने वाचली.

"सर, ही सगळी एकाच माणसाची आहेत."

दादाचा चेहरा खुलला. "शाबास. तुम्हालाच कळलं. माझ्या बहिणीची."

"आणि लिहिली कुणी?"

"तिनेच. म्हणजे नजर माझी, हात तिचा."

दुपारचं ऊन खिडकीतून थेट नर्सबाईंच्या तोंडावर येत होतं, आणि कपाळावरून घाम ओघळत होता. "फार उकडतंय," दादा म्हणाला आणि टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवून घेतला. नर्सबाईंनी ते पाहिलं. मग कार्डांच्या कडा जुळवल्या, ती माझ्यात परत ठेवली, आणि "येते सर," म्हणून गेल्या. त्यांनीही सांगितलं नाही. कुणीच सांगत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं तुमचं काही निमूट उतरवून घेत असेल, तर एकदा ते मागून घ्या. वाचा. नालायक कोण, ते ठरवायची घाई करू नका. मी तर फळीच आहे, आणि तीही दोन बोटं आखूड. मला ओरडता येत नाही, फार तर कुरकुरता येतं, आणि लाकूड फुगलंय असं म्हणून दादा आता रोज माझ्या कडांना मेण लावतो.

पंखा अजून त्याच्याकडेच वळलेला आहे. बारावं कार्ड लिहायला कुणी नाही.